नदीच्या मुखावरचं हरवलेलं मैदान: आयर्लंडमधल्या बॅलीयेच्या घोडेशर्यती

आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात केरी नावाची काउंटी आहे. तिच्या उत्तर भागातून फील नदी वाहते, वाटेत आणखी दोन नद्यांना पोटात घेते आणि शेवटचे काही मैल कॅशन या नावाने जाऊन अटलांटिक महासागराला मिळते. बॅलीबन्यन हे समुद्रकाठचं छोटं गाव तिथून जवळच आहे. नदीच्या मुखाला लागून जी पुळण पसरली आहे, ती बॅलीयेची पुळण. मागे वाळूच्या टेकड्या, टेकड्यांमध्ये गोल्फ खेळणारी माणसं, समोर समुद्र. याहून जास्त काही दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे घोड्यांच्या शर्यती भरत आणि त्या बघायला हजारो माणसं जमत. त्या मैदानाची आज एकही खूण नाही. खांब नाही, कठडा नाही, प्रेक्षकांच्या ओट्याचा दगडही नाही. हे सगळं काळाच्या ओघात पडलं असं कुणी समजेल, पण तसं झालेलं नाही. ते मुळात कधी बांधलंच गेलं नव्हतं. दिवसातून दोनदा समुद्र येऊन सगळं पुसून जाई.

आयर्लंडमध्ये अशी नाहीशी झालेली ग्रामीण शर्यतीची मैदानं जागोजागी आहेत. ती का होती, का गेली, हे समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. शर्यत आणि मैदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शर्यत म्हणजे ठरलेल्या दिवशी माणसांनी एकत्र यायची सवय. मैदान म्हणजे त्या सवयीचं बिऱ्हाड. बिऱ्हाड बदलूनही सवय टिकते, आणि कधी उत्तम घर असूनही ती सुटते. बॅलीयेची कहाणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते: तिथे मैदान गेलं, शर्यत राहिली.

आधी त्या काळातलं शर्यतीचं मैदान डोळ्यांसमोर आणू. आपल्या मनात पांढरा कठडा, हिरवळ, गॅलरी असं चित्र येतं. आयर्लंडमध्ये असं प्रतिष्ठित मैदान म्हणजे किल्डेअर काउंटीतलं 'करा' (Curragh) नावाचं मैदान. त्या नावाच्या मूळ आयरिश शब्दाला शर्यतीचं मैदान असाही अर्थ आहे, इतकी ती जागा आणि घोडे जुने. १७९०च्या सुमारास तिथल्या श्रीमंत घोडेमालकांचा टर्फ क्लब आकाराला आला. नियम, नोंदी, निकालांची छापील पुस्तकं, हे सगळं तिथून पुढे वाढलं. पण गावोगावच्या शर्यतींना या व्यवस्थेची गरज नव्हती. एखादं कुरण दोन दिवसांसाठी मागून घ्यायचं, कोपऱ्यांवर खांब रोवायचे, झाडांच्या फांद्या वाकवून त्यांवर चादरी टाकून तंबू उभे करायचे. तिसऱ्या दिवशी खांब निघाले की ते कुरण पुन्हा गाईंचं. १७६४ साली गॉलवे काउंटीत लॉक्रे गावाजवळ नॉकबॅरन नावाच्या ठिकाणी पाच दिवस शर्यती झाल्याची नोंद आहे. पाच दिवस म्हणजे किती घोडे, किती राहुट्या, किती चुली! आणि उरली ती एक ओळ.

त्याहून सुटसुटीत प्रकारही होता. १७५२ साली कॉर्क काउंटीत एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलॅहन या दोघांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, शेतं-बांध-ओढे ओलांडत घोडे पळवले. दूरवरून दिसणारा चर्चचा उंच मनोरा हाच शेवटचा खांब. इंग्रजीत अशा मनोऱ्याला स्टीपल म्हणतात, म्हणून अडथळ्यांच्या शर्यतीला आजही स्टीपलचेस म्हणतात. इथे तर मैदान असं काही नव्हतंच. दोन मनोरे आणि मधला मुलूख.

पण लोकांना बघायचं असेल तर घोडे गोल फिरून परत यायला हवेत, आणि तिथे जागेचा प्रश्न येतो. सव्वा मैलाचा एक फेरा धरा. त्याचं नीट वर्तुळ आखलं तर आत जवळपास ८० एकर जमीन येते. उत्तर केरीतल्या साध्या कुळाकडे याचा लहानसा तुकडाच असे, तोही बटाट्याखाली, आणि भोवती दगडमातीचे बांध. एवढी सलग, बिनबांधाची जागा फक्त जमीनदाराकडे सापडे. म्हणजे त्याची मर्जी सांभाळणं आलं. त्याने नाही म्हटलं की शर्यत बंद. किनाऱ्यावरच्या लोकांकडे मात्र दुसरी वाट होती. भरती आणि ओहोटी यांच्यामधली पट्टी कुणाच्याच शेतात मोडत नाही. तिथे पीक नाही, बांध नाही, खंड मागायला कुणी येत नाही. आयर्लंडच्या किनाऱ्यावर पुळणीवरच्या शर्यती इतक्या रुजल्या त्यामागे घोड्यांची आवड होतीच, पण हे साधं जमिनीचं गणितही होतं.

शिवाय ओली वाळू ही घोड्याच्या टापांना चांगली. कोरड्या वाळूत पाय रुततो, कारण कण एकमेकांना धरत नाहीत. पाण्याखालच्या वाळूतही तेच होतं. पण ओहोटी लागून तास-दीड तास झाला की कणांच्या फटींत थोडंसंच पाणी उरतं आणि तेच पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. तेवढा वेळ ती वाळू फरशीसारखी टणक राहते. घोडे पळवायचे ते तेव्हाच.

कोकणातल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप आत जातं, म्हणून पुळण रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पट्टी अरुंद. म्हणजे पुळणीवरच्या शर्यतीचा दिवस चंद्र बघून ठरवायला हवा. बॅलीयेला मात्र तसं नव्हतं. तिथे १८३४ साली शर्यतीचा दिवस होता २४ जून, संत जॉनचा सण. आदल्या रात्री आयर्लंडच्या पश्चिम भागात टेकड्या-टेकड्यांवर आगट्या पेटतात. ही प्रथा आजही आहे. गावच्या संताच्या नावाने जमायचं, विहिरीला प्रदक्षिणा घालायच्या, मग खाणं-पिणं, नाच, कुस्ती, बाजार, असं तिथल्या जत्रेचं रूप. घोड्यांची शर्यत हा त्याच दिवसाचा एक भाग. सण कॅलेंडरच्या तारखेने ठरतो आणि पाणी चंद्राने. दोन्ही दरवर्षी जुळतीलच असं नाही. १८३४ सालचं चंद्राचं गणित मांडून पाहिलं तर २४ जूनच्या दोन-तीन दिवस आधीच पौर्णिमा येऊन गेलेली दिसते. म्हणजे उधाणाचे दिवस: पुळण रुंद, आणि नदीच्या मुखात पाण्याला जबर ओढ. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायची आहे.

अशा जत्रेच्या शर्यतीत पळणारे घोडे बहुतेक शेतावरचे किंवा शिकारीला वापरले जाणारे. बक्षीस म्हणून बऱ्याचदा खोगीर, लगाम किंवा चाबूक. पुळणीच्या वरच्या अंगाला दारूचे तंबू, उकडलेले डुकराचे पाय विकणाऱ्या बाया, वाळवलेलं तांबडं समुद्रशेवाळ (ते लोक ते नुसतंच चघळतात), पायपर, फिडल वाजवणारे, तीन वाट्यांखाली वाटाणा लपवून पैसे उकळणारे. ही अशा सगळ्याच आयरिश शर्यतींची मांडामांड. आणि दिवस कलायला लागला की मारामारी.

ही मारामारी समजून घेतल्याशिवाय बॅलीयेचं काय झालं ते कळत नाही. तिला फॅक्शन फाइट म्हणत, म्हणजे दोन तटांमधली ठरवून केलेली लाठ्यांची लढाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत आयर्लंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः मन्स्टर प्रांतात, हा प्रकार सर्रास होता. तट कधी आडनावावर उभे राहत, कधी गावावर, कधी जमिनीच्या जुन्या भांडणावर. पुष्कळदा मूळ कारण कुणाला आठवतही नसे. बापाचा तट तोच मुलाचा. हातात ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाची किंवा ओकची काठी, कधी तिच्या टोकात शिसं ओतलेलं. जत्रेत एक पुढारी काठी फिरवत, आपल्या तटाचं नाव पुकारत गर्दीतून चालायचा. कुणी आडवं येतंय का, हे बघायचं. आडवं येणारं कुणीतरी असतंच.

याकडे रानटीपणा म्हणून पाहणं सोपं आहे, आणि तेव्हाच्या अनेक इंग्रज लेखकांनी तेच केलं. मला ते पटत नाही. ज्या समाजात न्यायालयं परक्यांची, जमीन परक्यांची, मतदानाचा हक्क जवळपास कुणालाच नाही, तिथे मान-अपमानाचे हिशेब चुकते करायला लोकांनी स्वतःचा आखाडा काढला. दंडाधिकारी, पोलीस, जमीनदार कधी त्याकडे काणाडोळा करत. ही माणसं आपसांत लढत आहेत तोवर आपल्याविरुद्ध उठणार नाहीत, असाही एक विचार त्यामागे होता. आखाडा म्हटला तरी त्यात माणसं मरत होती, हेही तितकंच खरं.

उत्तर केरीत असे दोन मोठे तट होते. एक कूलीन्स, दुसरा लॉलर आणि मलव्हिहिल घराण्यांचा. २४ जून १८३४ला बॅलीयेच्या शर्यतीच्या दिवशी दोघेही तयारीने आले. दोन्ही बाजू मिळून साधारण तीन हजार माणसं, हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. कूलीन्स नदीपलीकडून होड्यांनी आले होते. लढाई पुळणीवर जुंपली. कूलीन्सचा जोर आधी चालला, पण समोरचे संख्येने वाढत गेले आणि कूलीन्सना मागे, नदीकडे, रेटत नेलं गेलं. जीव वाचवायला माणसं होड्यांवर तुटून पडली. होडीत मावतील त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त चढली, आणि होडी उलटली. पाण्यात पडलेल्यांवर काठावरून दगड आणि काठ्या पडत राहिल्या. उधाणाच्या दिवसांत कॅशनच्या मुखात पोहणं म्हणजे काय, ते त्या काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वीसच्या आसपास माणसं गेली. काही सांगण्यांमध्ये आकडा त्याहून मोठा आहे. बहुतेक बुडून मेली.

ज्यांनी मारलं आणि जे मेले ते एकाच मुलखातले, एकाच चर्चला जाणारे, एकाच बाजारात लोणी विकणारे होते. शर्यतीच्या इतिहासात हे पान सहसा एका वाक्यात उरकलं जातं. मला ते बरोबर वाटत नाही, कारण त्या पुळणीची आठवण ज्यांनी जपली त्यांनी घोड्यांची नावं जपली नाहीत, बुडालेल्यांची जपली.

सरकारी पातळीवर या घटनेची चौकशी झाली. पोलीस आणि दंडाधिकाऱ्यांनी वेळीच काय केलं आणि काय नाही, हा प्रश्न पुढे आला. लवकरच, १८३६ साली, आयर्लंडभरातलं पोलीसदल एकाच हुकमाखाली आणलं गेलं. जत्रा, शर्यती, संतांचे मेळे यांच्यावर नजर कडक झाली. धर्मगुरू आधीपासूनच या लढायांविरुद्ध बोलत होते, डॅनियल ओ'कॉनेलसारखा नेता, तोही केरीचाच, लोकांना आपसांतली भांडणं सोडून राजकीय हक्कांसाठी एकत्र यायला सांगत होता. १८३८पासून फादर मॅथ्यू यांची दारूबंदीची शपथ लाखो लोकांनी घेतली. आणि मग ते सगळ्यांत मोठं संकट आलं, ज्याच्यापुढे हे सगळे उपाय किरकोळ ठरावेत.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढची काही वर्षं आयर्लंडने जो दुष्काळ पाहिला त्याची आकडेवारी कोरडी वाटते, पण ती वाचायलाच हवी. १८४१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या जवळपास ८२ लाख होती, १८५१ला ती साधारण साडेपासष्ट लाखांवर आली. एकट्या केरीत २ लाख ९३ हजारांच्या आसपासची वस्ती सुमारे २ लाख ३८ हजार झाली. दर पाच-सहा माणसांमागे एक नाहीसं झालेलं. आणि सगळ्यांत जास्त कोण गेलं? तीच अल्पभूधारक कुळं, तेच शेतमजूर, ज्यांच्या काठ्यांनी ही पुळण गजबजायची. काही उपासाने आणि तापाने मेले, काही अमेरिकेच्या जहाजांवर चढले. बॅलीयेचं मैदान कुणा एका हुकमाने रिकामं झालं असं मानण्यापेक्षा हे दिसतं की १८३४ची गर्दी जमवायला तेवढी माणसंच उरली नव्हती.

१८५८ साली शर्यती लिस्टोवेलला गेल्या. लिस्टोवेल हे फील नदीच्या काठचं बाजाराचं गाव, बॅलीयेपासून पंधरा-एक किलोमीटर आत. म्हणजे शर्यती त्याच पाण्याच्या काठाने वर सरकल्या. हे स्थलांतर साधं नव्हतं. किनाऱ्यावरच्या मोकळ्या पुळणीला दार नसतं, कुणीही कुठूनही येतो, होडीनेही येतो. गावाच्या काठच्या मैदानाला एक बाजू नदीची, एक गावाची, आणि आत यायचे रस्ते मोजके. तिथे प्रवेशाचे पैसे घेता येतात. पोलीस कुठे उभे करायचे ते ठरवता येतं. दुकानदार, खानावळी, तबेले, सगळ्यांचं भलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी शर्यत व्हावी असं वाटणारी माणसं गावातच तयार होतात. लिस्टोवेलच्या मैदानाला लोक आजही 'द आयलंड', म्हणजे बेट, म्हणतात. गावातून पूल ओलांडून तिथे जायचं. आणि समुद्राच्या जागी नदी आल्याने भरती-ओहोटीची कटकट संपली. आता सोयीचा दिवस निवडता येत होता.

आज लिस्टोवेलच्या शर्यती सप्टेंबरमध्ये भरतात. सात दिवस. त्यांना हार्वेस्ट फेस्टिव्हल म्हणतात, सुगीचा उत्सव. गवत कापून गंजी लागलेल्या, धान्य आत आलेलं, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आणि मोकळा वेळ. जून महिन्यातला संताचा सण सुटला आणि शेतीच्या वर्षाचा शेवट धरला गेला. केरी नॅशनल ही तिथली मोठी अडथळ्यांची शर्यत. आयर्लंडमध्ये कुणी 'लिस्टोवेलला येणार ना?' असं विचारलं तर बहुधा याच आठवड्याबद्दल विचारलेलं असतं.

या दोन जागांना जोडणारी एक गंमतीदार गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८८ साली लिस्टोवेल ते बॅलीबन्यन अशी एकाच रुळाची रेल्वे सुरू झाली. शार्ल लार्तिग या फ्रेंच अभियंत्याची ती कल्पना. तिकाटण्यांच्या टोकावर, साधारण कमरेच्या उंचीवर एक रूळ, आणि त्यावर दोन्ही बाजूंना खोगिरासारखी लोंबणारी गाडी. दोन्हीकडचं वजन सारखं हवं, म्हणून एका बाजूला गाय चढवली तर दुसऱ्या बाजूलाही तेवढ्या वजनाचं काहीतरी चढवावं लागे. ती १९२४पर्यंत चालली. यादवी युद्धात तिचं बरंच नुकसान झालं होतं. घोडे नदीकाठाने आत गेले आणि तीस वर्षांनी माणसं या गाडीत बसून त्याच समुद्राकडे हवा खायला जाऊ लागली.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. त्याच केरीत, ट्रॅलीला, बॅलीबेगन पार्क नावाचं मैदान होतं. जुन्या हरणांच्या राखीव कुरणावरचं, दगडी भिंतीचं, पक्क्या गॅलऱ्यांचं. १८९८पासून तिथे शर्यती होत. ऑगस्टच्या अखेरीस शर्यती आणि त्याच दिवसांत १९५९पासून 'रोझ ऑफ ट्रॅली' हा प्रसिद्ध महोत्सव. गावाला दोन्हींचा आधार. पुळणीशी तुलना करा, बॅलीबेगनला काय कमी होतं? तरी २००८ साली तिथली शेवटची शर्यत झाली. तोवर आयर्लंडमध्ये शहराच्या कडेची जमीन सोन्याच्या भावाने विकली जात होती. बॅलीबेगनची जमीनही घरांसाठी जाणार होती. त्याच वर्षी बांधकामाचा तो फुगा फुटला. शर्यती ट्रॅलीला परतल्या नाहीत.

विसाव्या शतकात गेलेली मैदानं अशी वेगळ्या कारणांनी गेली. वेस्टमीथमधल्या मलिंगारचं न्यूब्रुक १९६७ला बंद झालं. डब्लिनजवळचं बॉल्डॉइल १९७२ला, गॉलवे काउंटीतल्या ट्यूमचं पार्कमोर १९७३ला. लिमरिकचं ग्रीनपार्क १९९९ला. याच मैदानावर १ ऑक्टोबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लाखोंच्या जमावापुढे मिस्सा अर्पण केली होती. ग्रीनपार्कचं नशीब बरं, कारण लिमरिकच्या शर्यतींना २००१ साली पॅट्रिक्सवेलला नवं घर मिळालं. मलिंगार आणि ट्यूमला मिळालं नाही.

हे कसं घडतं ते थोडक्यात समजून घेऊ. अधिकृत शर्यत भरवायची तर वर्षाच्या वेळापत्रकात तारीख मिळावी लागते. तारखा ठरावीक, त्या वाटणारी संस्था एक. १९४५च्या कायद्याने आयर्लंडमध्ये रेसिंग बोर्ड आलं. मैदानावर लागणाऱ्या पैजांवर अधिभार घ्यायचा आणि तो पैसा बक्षिसं, सोयी, घोड्यांच्या वाहतुकीसाठी वापरायचा, अशी त्याची रचना. छोट्या मैदानांना याने हात दिलाच. पण पैसा एकाच हातातून येऊ लागला की कुणाला किती, हा प्रश्नही तिथेच सुटतो. जिथे गर्दी जास्त तिथे पैजा जास्त, म्हणून तिथे गॅलरी नवी. जिथे गर्दी कमी तिथे छप्पर गळतं. मग रेल्वेचे फाटे बंद होतात. लिस्टोवेलचीच प्रवासी गाडी १९६३ला थांबली. ज्या गावाने शर्यतीच्या आठवड्याला आपला सण मानलं ते गाव मोटारींनी, बसने, कसंही येतं. ज्या गावासाठी ती बाहेरच्यांची करमणूक होती तिथली तारीख दुसरीकडे जाते. तारीख गेली की मैदान म्हणजे फक्त बरीचशी सपाट जमीन.

त्यात जमिनीची मालकीही बदललेली. दुष्काळानंतरच्या पिढीने जमीनदारांविरुद्ध मोठी लढाई दिली. बॉयकॉट हा शब्द याच लढाईतून आला; कॅप्टन बॉयकॉट हा मेयो काउंटीत बॅलिनरोबजवळ राहणारा जमीनदाराचा कारभारी, १८८० साली लोकांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. पुढे एकामागून एक कूळकायदे झाले, १९०३च्या कायद्याने जमीनदारांकडून शेतं विकत घेणं कुळांना शक्य केलं, आणि मोठ्या इस्टेटी लहान शेतांमध्ये वाटल्या गेल्या. ही न्यायाची गोष्ट झाली, त्याबद्दल शंकाच नाही. पण ज्या ८० एकरांसाठी पूर्वी एका साहेबाची परवानगी पुरे, तिथे आता दहा मालक, दहा बांध. जी गावं आधीच एकत्र येऊन मैदानाची जमीन धरून बसली ती टिकली. त्याच बॅलिनरोबचं मैदान १९२१पासून आजच्या जागी आहे, आणि मेयोत आज तेवढं एकच उरलं आहे.

पुळणीवरची शर्यत मात्र पुरती मेलेली नाही. डब्लिनच्या उत्तरेला, मीथ काउंटीत लेटाउनला १८६८पासून समुद्रकाठी शर्यत होते. अधिकृत नियमांखाली पुळणीवर होणारी आयर्लंडमधली ही एकमेव. तारीख आजही भरतीचं कोष्टक बघूनच निघते. पाणी मागे सरकू लागलं की माणसं खांब घेऊन खाली उतरतात, शर्यतीची वाट आखतात, आणि शेवटच्या घोड्यामागोमाग समुद्र परत येतो. केरीत ग्लेनबेच्या रॉसबे पुळणीवर ऑगस्टमध्ये तट्टांच्या शर्यती होतात, डिंगलला कुरणावर. या अधिकृत नोंदीबाहेरच्या. अशा शर्यतींना तिकडे फ्लॅपिंग म्हणतात. नियमांच्या पुस्तकात त्यांना जागा नाही, पण नावाजलेले अनेक जॉकी लहानपणी तिथेच घोड्यावर बसायला शिकले.

हरवलेलं मैदान शोधायचं कुठे, असं कुणी विचारलं तर दोन ठिकाणं सांगेन. एक, आयर्लंडचे सहा इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे जुने सरकारी नकाशे. १८४६पर्यंत सगळ्या काउंट्यांचे छापून झाले होते आणि आज ते संगणकावर कुणालाही बघता येतात. त्यांत एखाद्या कुरणावर 'रेस कोर्स' अशी बारीक अक्षरं सापडतात, आणि आजच्या उपग्रहचित्रात तिथे गाई चरताना दिसतात. दुसरं ठिकाण, शाळकरी मुलांच्या वह्या. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार शाळांमधल्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी विचारून लिहून आणायला सांगितलं. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलं. सत्तर-ऐंशीच्या घरातला तो सांगणारा माणूस दुष्काळानंतर जन्मलेला. त्याला सांगणारा त्याचा आजा मात्र बॅलीयेच्या पुळणीवर काठी घेऊन उभा राहिलेला असू शकतो. या वह्यांमध्ये तटांच्या लढायांच्या हकिगती जागोजागी आहेत: कोण कुणाच्या बाजूने होतं, कोण होडीत चढला, कोण पोहत पलीकडे पोचला.